नमद्याखालचा पत्रा : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांचं कुशनचं दुकान होतं. दहा बाय पंधराचं पत्र्याचं शेड. ट्रकच्या सीटा, जीपची हुडं, आणि लग्नसराईच्या तोंडावर एखादी अँबॅसेडर नाहीतर फियाट आतून नवी करायची. शाळा सुटली की मी तिथं जायची. रेक्झिन कापायला मी तिथंच शिकले. गाडीचं मॅटिंग उचललं की खाली तागाचा नमदा, म्हणजे दाबून केलेला जाड थर असायचा, काळपट, कुबट वासाचा, पावसाळ्यात पिळला तर पाणी निघेल असा. आबा तो बाजूला करून पत्र्यावर बोट फिरवायचे आणि बोटाला लागलेला तांबूस चुरा मालकाला दाखवायचे. "सीट मी करून देतो, पण आधी हे बघा," एवढंच म्हणायचे. जुन्या गाड्यांच्या आतला आवाज आणि उष्णता कमी करण्याचं आमचं आजचं सगळं काम त्या चुऱ्यापासून सुरू होतं.

आबांच्या मागं दुकान माझ्याकडं आलं आणि धाकट्या भावानं डेंटिंगचं काम जोडलं. त्याच सुमारास एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांची पद्मिनी घेऊन आले. सीटकव्हर करायची होती. बोलता बोलता म्हणाले, "ताई, गाडी प्राणापलीकडं जपलीय. पण वेग साठच्या पुढं गेला की शेजारी बसलेल्या हिचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात माझा डावा पाय भाजतो. यावर काही होईल का?" मी होईल म्हणाले. काय करायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला लावतात ती डांबरी शीट आणली. गॅसच्या बत्तीनं गरम करून फ्लोअरला, दारांच्या आत, छताला चिकटवली. जानेवारीत गाडी दिली, गुरुजी खूश. मे महिन्यात परत आले. उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा सत्तर अंशांच्या घरात जातो; डांबर तिथं मऊ पडणारच. छताची शीट सुटून लायनिंगवर लोंबत होती, दारातली घसरून काचेच्या मशीनमध्ये अडकली होती, आणि आत डांबराचा असा वास की गुरुजींच्या घरच्यांनी गाडीत बसणं सोडलं होतं. ते एक शब्द रागाचा बोलले नाहीत. सगळं खरवडून काढायला आम्हाला अकरा दिवस लागले. त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही, आणि त्याच अकरा दिवसांत हे काम नीट शिकायचं ठरवलं.

आवाज आणि उष्णता ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना औषधंही वेगळी लागतात. पत्रा थरथरतो तो आवाज ब्यूटाइल रबरानं बसतो. 2 मिलिमीटरची शीट, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. पत्रा हलला की मधलं रबर फॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये ताणलं जातं आणि ती थरथर आतल्या आत जिरते. पण या शीटनं ऊन थांबत नाही. त्यासाठी वर बंद छिद्रांचा फोम लागतो, 6 ते 10 मिलिमीटरचा. उघड्या छिद्रांचा स्पंज कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही; तो पाणी पितो, म्हणजे पुन्हा नमदाच. चकचकीत फॉइलचं तर अनेकांना माहीतच नसतं. ती उष्णता परतवते, पण तिच्यासमोर हवेची मोकळी फट असेल तरच. मॅटखाली दाबून टाकली तर तिचा तो गुण गेला. सायलेन्सरच्या पाइपवर आम्ही पत्र्याची ढाल बसवतो ती म्हणूनच बोटभर अंतर सोडून.

ग्राहक म्हणतात, सगळीकडं मारा, पैसे देतो. आम्ही मारत नाही. ब्यूटाइलची शीट चौरस मीटरला सुमारे 3 किलो भरते. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक घोड्यांची. तिच्या पाठीवर उगाच ओझं कशाला? थरथर मारायला पत्र्याचा पाव भाग झाकला तरी बहुतेक पुरतं, जागा मात्र बरोबर हवी. ती जागा बोटांनी शोधायची. दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवत जायचं. कडेला, घडीजवळ आवाज बसका येतो. मधोमध आलं की पत्रा टण्ण करून गातो. तिथं हातभर तुकडा लावायचा, लोखंडी रोलरनं फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचा, आणि पुन्हा वाजवायचं. आता नुसतं थप. आमच्याकडं नवीन आलेला पोरगा पहिला आठवडाभर एवढंच करतो, भंगारातून आणलेल्या एका दारावर.

त्याआधी भोकं बुजवायची. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी, केबल, पेडलचे दांडे आत येतात. जुन्या गाडीत तिथली ग्रोमेटं, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, विटलेली, नाहीतर गायबच. त्या फटींतून इंजिनचा आवाज आणि गरम हवा दोन्ही सरळ पायावर येतात. अँबॅसेडरचं उत्पादन 2014 साली थांबलं, पद्मिनी तर तिच्याही कितीतरी आधी. मापाचं रबर मिळवायला नाना पेठेपासून कुर्ल्यापर्यंत चकरा होतात. नाही मिळालं तर आम्ही कापून बनवतो. बीडिंग (दारांच्या कडेचं रबर) आणि ग्रोमेट बदलूनच निम्मं समाधान होतं असा माझा अनुभव आहे, आणि ग्राहकाला मी तसं आधीच सांगते.

एक चूक अजून छातीत रुतून आहे. एका जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीच्या दारांना आम्ही फार मन लावून शीट लावली, अगदी तळापर्यंत. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर जातं, ही साधी गोष्ट. आमच्या शीटनं ती भोकं बंद झाली. एका पावसाळ्यात दोन्ही दारांचा तळ कुजला. आम्ही पदरचे पैसे घालून पत्रा बदलून दिला, पण मूळचा पत्रा गेला तो गेलाच. तेव्हापासून दाराच्या प्रत्येक भोकात आधी लाल दोरा ओवतो आणि काम झाल्यावर दोरे मोजून काढतो.

2021 साली केंद्रानं 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले, व्हीए अक्षरांची वेगळी नंबरमालिका दिली. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. आमच्या कामात बॉडीला एकही नवं भोक पडत नाही. मूळ मॅटिंगचा कागदी साचा काढतो, क्लिपा, बटणं, नमद्याचा तुकडासुद्धा पिशवीत घालून मालकाच्या हाती देतो. प्रदर्शनात उतरणारी, आतून कंपनीतून आली तशीच राहिलेली गाडी असेल तर मात्र मी ब्यूटाइल लावू नका असंच सांगते. ते निघतं, पण हीट गन आणि खरवडणी लागते, आणि खालचा मूळ रंग राहीलच याची खात्री देता येत नाही. तिथं नुसता फोम कापून मॅटखाली सुटा टाकायचा.

सडलेल्या फ्लोअरवर शीट मारून देण्याचं काम आम्ही घेत नाही. आधी कुजका पत्रा कापायचा, नवा जोडायचा, गंज घासायचा, एपॉक्सी प्रायमर म्हणजे गंज रोखणारं अस्तर मारायचं, मग दोन दिवस कोरडं. माल आला की तपासतो. एकदा ब्यूटाइल म्हणून डांबरच आलं होतं. आता प्रत्येक लॉटचा तुकडा पत्र्याला चिकटवून शेडवर उन्हात आठ दिवस ठेवतो. घसरला की अख्खा लॉट परत.

आणि गाडी देण्याआधी पाण्याची परीक्षा. पावसाळ्यात भाऊ ती गगनबावड्याला नेतो. तिथला पाऊस कुठलीच फट सोडत नाही. परत आला की मॅट उचलून आम्ही दोघं फ्लोअरवर बोट फिरवतो.

गुरुजींची पद्मिनी दुसऱ्यांदा केली तेव्हा मागच्या सीटवर मी होते, पुढं ते दोघं. शिरोलीच्या पुढं हायवेवर गाडीनं साठ गाठले. बाईंनी नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं विचारलं, "पाणी आणलंय ना?" गुरुजी हळूच म्हणाले, "अगं, ऐकू येतंय मला." मग बराच वेळ त्या काहीबाही सांगत राहिल्या, आणि ते हं हं करत गाडी चालवत राहिले.