देवाला न चालणारी फुलं

आमच्या घरी नवं रोप आलं की त्याची परीक्षा होते आणि ती आत्ती घेतात. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७८, माहेर पंचगंगेच्या काठचं, उसाच्या पट्ट्यातलं. चष्मा सारखा करत, रोप या अंगानं त्या अंगानं बघत त्या विचारतात, "देवाला चालतंय? वेणीत माळता येतंय? भाजी हुतीया का ह्येची?" तिन्हीला नकार आला की शेवटचा प्रश्न माझ्यासाठी असतो. "मग आणलंस कशाला?"

त्यांना पटेल असं उत्तर मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरापुढं चार फूट रुंदीची मातीची पट्टी आहे आणि वर पश्चिमेचं ऊन खाणारी गच्ची. पट्टीत तगर, जास्वंद, तुळस, कढीपत्ता असे आत्तींचे कायम नोकरीतले लोक आहेत. माझ्या वाट्याला फाटकाजवळचा तुकडा आला आणि गच्चीवरच्या बावीस कुंड्या. तिथं मी मार्च ते जून नुसती बघायची फुलं लावते. नर्सरीवाले त्यांना 'सीझनल' म्हणतात, वनस्पतिशास्त्राचं पुस्तक 'वर्षायू' म्हणतं. आत्ती 'तुझी ती झाडं' म्हणतात.

पहिल्या वर्षी मी पिटुनिया आणला. फेब्रुवारीचा शेवट होता. नर्सरीच्या दारातच जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या पिटुनियाच्या पिशव्या मांडल्या होत्या, पानं दिसू नयेत इतकं एकेक झुडूप फुललेलं. उन्हाळ्यात टिकेल का, असं मी विचारलंही. "टिकतंय की ताई, बिनधास्त न्या." दहा रोपं आणली. गुढीपाडव्याला शेजारीण येऊन फोटो काढून गेली. तिथून पंधरा दिवसांत, चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेची गर्दी सुरू झाली, तोवर पिटुनियाची पानं पिवळी पडली होती. देठ लांबलचक, चिकट, आणि टोकाला एखादं फूल, तेही ओल्या कागदासारखं लोळलेलं. सांगणाऱ्याचा दोष अर्धाच. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स ही आपल्याकडं थंडीची मंडळी. ऑक्टोबरच्या सुमारास बी टाकावं, दिवाळीनंतर रोपं लावावीत, होळीपर्यंत डोळे भरून बघावं आणि सोडून द्यावं. मी त्यांचा निरोपसमारंभ विकत आणला होता.

तेव्हापासून फुललेलं रोप मी घेत नाही. बुटकं, दोन-तीन फांद्यांचं, एखादी कळी असलेलं किंवा तीही नसलेलं बघून घेते. आणि नर्सरीत जाण्याआधी एकदा दुपारी दोन वाजता गच्चीवर अनवाणी उभी राहते. जिथं माझा पाय टिकत नाही तिथं कोणती झाडं लावायची, याची यादी लगेच छोटी होते. झिनिया, कॉसमॉस, गलांडा, बटनफूल, ऑफिस टाइम. सदाफुली तर आहेच, पण ती खरं म्हणजे बारमाही, आणि इतकी सोशिक की तिच्यावर लिहावं असं काही घडतच नाही. यातली बहुतेक मेक्सिकोकडची किंवा दक्षिण अमेरिकेतली. पाहुणी असली तरी ऊन बघून तोंड वाकडं करत नाहीत.

या सगळ्यांत ऑफिस टाइमनं मला सगळ्यात जास्त आनंद दिला आहे. बोटभर लांबीच्या फांदीचे तुकडे मातीत खोचले की आठवड्यात धरतात. पसरट, उथळ कुंडी, भुसभुशीत माती आणि डोक्यावर धगधगीत ऊन, एवढंच मागणं. साडेनऊ-दहाला फुलं उघडतात, म्हणून हे नाव. मात्र सुटायची वेळ सरकारी नाही. दुपार कलली की दुकान बंद. ढगाळ दिवशी तर कामावर येतच नाहीत. एक फूल एकच दिवसाचं, उद्याचं वेगळं. पाणी तुटलं तर हे रोप हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवतं, त्यामुळं दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवून ओल वाचवता येते. म्हणजे कोल्हापूरच्या मे महिन्यात शहाणा माणूस जे करतो, तेच. कामं पहाटे आणि रात्री, दुपारी दार लावून गप्प.

ही कुंडी पहिल्यांदा बघितली तेव्हा आत्ती वाकल्या, एक जाडसर पान चिमटीत धरलं आणि उजळल्या. "आगं, ही तर घोळ!" नजर पक्की होती. घोळाची भाजी आणि ऑफिस टाइम एकाच कुळातले, सख्ख्या चुलत बहिणीच म्हणा. "डाळ घालून बरी हुईल," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी ती कुंडी उचलून वरच्या कठड्याजवळ नेली. आत्तींचे गुडघे शेवटच्या पायऱ्यांवर दुखतात, हे मला माहीत होतं.

झिनियाचं आमच्या घरात भांडण आहे. ती मी बियांपासूनच करते, कारण तिला मुळं हलवलेली खपत नाहीत. फेब्रुवारीत कुंडीतच बी टाकायचं, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. चार-पाच दिवसांत अंकुर दिसतात आणि साधारण दोन महिन्यांनी फूल. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. फूल जुनं व्हायला लागलं की तेही देठासकट कापायचं. इथं आत्तींचा जीव कळवळतो.

"बी धरू देत न्हाईस बिचाऱ्याला."

मी समजावून सांगते. वर्षायू झाडाचा सगळा प्रपंच एका हंगामाचा. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि वाळून जायचं. बी धरलं की त्याच्या लेखी काम झालं, फुलणं मंदावतं. फूल कापत राहिलं की त्याला वाटतं अजून काम उरलंय, आणि ते नव्या कळ्या काढतं.

"म्हंजे फसवतीस," आत्ती म्हणतात.

आता यावर काय बोलणार? शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या बाईला फूल हा बियाच्या वाटेवरचा एक टप्पा वाटतो आणि मी त्या टप्प्यावरच गाडी अडवून ठेवलेली. शेवटी तह झाला. प्रत्येक कुंडीतलं एक रोप आत्तींचं, त्याला कात्री लावायची नाही. त्यांनी त्या झिनियाची बोंडं वाळवली, कडुलिंबाचा पाला घालून पावडरच्या जुन्या डब्यात ठेवली आणि पुढच्या वर्षी मोठ्या अभिमानानं काढून दिली. उगवण झकास झाली. फुलं मात्र आली ती निम्मी एकेरी पाकळ्यांची, रंग विटके, आदल्या वर्षीचा तो गच्च गेंद कुठंच नाही. आत्ती बराच वेळ बघत राहिल्या. "पाकीट कसलं हुतं?" मी पाकीट शोधून आणलं. त्यावर एफ-१ हायब्रिड लिहिलेलं. "संकरित हाय व्हय! मग आधी सांगायचं. त्येचं बी धरून कवा वाण टिकतंय का?" मका, भाजीपाला यांच्या बियाण्यांवरून जे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं, ते मला शोभेच्या फुलावरून आत्ता कळलं. आता मी आत्तींसाठी साध्या वाणाचं पाकीट वेगळं आणते.

झिनियाला दुसरा शत्रू म्हणजे प्रेम. लाडानं पाणी घालत राहिलं आणि झाडाभोवती दमट हवा कोंडली की भुरी येते, पिठाचा हात लागल्यासारखी पांढरी. २०१६ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया फुलली, तीही आधी ओल जास्त झाल्यानं बुरशीतून गेली होती. मग स्कॉट केली या अंतराळवीरानं ठरलेलं वेळापत्रक बाजूला ठेवून झाडाकडं बघून पाणी द्यायला सुरुवात केली. एवढे शास्त्रज्ञ, एवढी यंत्रं, आणि शेवटी बघून पाणी घालायचं! आत्तींना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "वर माती कुठली नेली हुती?" मातीसारखं काहीतरी उशीत भरून नेलं होतं, असं मी सांगितलं. त्यावर त्या जे हसल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाण्याबद्दल एकच गोष्ट मी पक्की शिकले. दुपारी झाड मान टाकतं ते बघून धावायचं नाही. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून जात असतं, म्हणून ते लोळतं. संध्याकाळी वारं सुटलं की आपोआप उभं राहतं. दोन पेरं बोट मातीत घालायचं, ओल लागली तर मुकाट खाली यायचं. संध्याकाळीही मान खालीच असेल तर मात्र बादली. माझ्या बहुतेक कुंड्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेल्या मातीच्या. त्या पाणी पितात हे खरं, पण मुळांना गार ठेवतात. प्लॅस्टिकची कुंडी मे महिन्यात हाताला चटका देते, आत मुळांचं काय होत असेल! सगळ्या कुंड्या विटांवर आणि एकमेकींना चिकटून, बस थांब्यावरच्या सावलीत बायका उभ्या राहतात तशा.

आणि वर पाचट. हा शोध माझा नाही, धाकट्या दिरांचा. ऊस तुटून गेल्यावर पूर्वी रानात पाचट पेटवून द्यायचे. आता बरेचजण सरीत तसंच राहू देतात, ओल टिकते आणि कुजून खत होतं. दिरांनी दोन पोती आणून टाकली. मी ती कात्रीनं बोटभर कापून कुंड्यांत अंथरली, देठाला चिकटणार नाहीत अशी. रोजचं पाणी दिवसाआड आलं. गच्चीला मात्र गुऱ्हाळाची कळा आली आहे.

कॉसमॉसमध्ये माझी फजिती झाली ती खतामुळं. पोयटा माती, त्यात निम्मं कुजलेलं शेणखत, वर लिंबोळी पेंड, असं साग्रसंगीत केलं. रोपं माझ्या खांद्याला लागली, हिरवीगार, आणि फूल औषधालाही नाही. आत्ती वर आल्या (गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते) आणि एका शब्दात निकाल दिला. "माजलंय." त्यानंतर वळीव आला. दुपारभर पन्हाळ्याच्या बाजूला आभाळ काळं होत होतं, पाचच्या सुमारास वारं सुटलं आणि टपोरे थेंब, मग गारा. दहा मिनिटांत सगळा कॉसमॉस आडवा. शेजारच्या कुंडीत, रेताड मातीत, कुणी लक्ष न दिलेला गलांडा तसाच उभा होता, पिवळ्या-तांबड्या पाकळ्यांवर गारांचे दोन-चार ओरखडे घेऊन. गलांड्याला आत्तींची मान्यता आहे, कारण तो हारात चालतो. बटनफुलाला अर्धी. ते वाळलं तरी रंग सोडत नाही, म्हणून त्यांनी माझ्या नकळत देवघराच्या चौकटीला त्याची माळ अडकवली. "देवाला न्हवं, चौकटीला," असं वर सांगितलं.

मी एकदा वाद घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, आत्ती, तुमचा जोतिबाचा दवणा तरी काय आहे? तोही वर्षायूच. एका हंगामाचा, उन्हाळ्यात येतो आणि जातो. यात्रेहून कुणीतरी आणलेली जुडी त्या हुंगत होत्या, घरभर वास सुटला होता, दोरीवरचं माझं दुपट्टं गुलालानं माखलेलं. त्यांनी डोळे उघडले.

"त्यो जोतिबाचा हाय."

वाद संपला.

मृग लागला की माझा हंगाम आवरतो. झिनियाची खालची पानं काळी पडतात, ऑफिस टाइम ढगांमुळं रजेवर जातो आणि सडतो. त्याच्या पाच-सहा फांद्या मी पत्र्याखाली वाचवून ठेवते, बाकी सगळं उपटून खतात. यंदा फांद्या ठेवल्या, उपटणं मात्र राहून गेलं. जूनच्या शेवटी लेकीकडं पुण्याला आठ दिवस गेले ते घाईतच.

परत आले तर गच्ची ओळखू येईना. बावीस कुंड्या रिकाम्या, माती उकरून उलटीपालटी केलेली, पाचट आत मिसळलेलं. एका रांगेत तेरड्याचे अंकुर वर आले होते, गौरीसाठी. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात; गौरीचा मुक्कामही तेवढाच असल्यानं त्याला कुणी नाव ठेवत नाही. वाचवलेल्या ऑफिस टाइमची कुंडी पत्र्याखाली होती, पण तिच्यातल्या फांद्या चांगल्याच आखूड झालेल्या.

"डाळ घालून केली हुती," मागून आवाज आला. "आंबट लागती."

आणि माझ्या सगळ्यात मोठ्या कुंडीत दोडका.