काळी छत्री आणि पॅरिसच्या काचा

पॅरिसला आमची ही तिसरी खेप. आयफेल टॉवर, लूव्र, सेनमधली बोट हे आधीच उरकलेलं, त्यामुळे निघण्यापूर्वीच मी जाहीर करून टाकलं की या वेळी फक्त दुकानांच्या काचांचे फोटो काढणार. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "खरेदी नाही ना?" नाही म्हटल्यावर तो चटकन तयार झाला. पुढे त्याला छत्री धरावी लागणार आहे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

दुकानात न शिरता नुसतं बाहेरून बघत फिरण्याला फ्रेंच लोक 'लेश-व्हित्रीन' म्हणतात. शब्दशः, काचा चाटणं. सहा दिवस मी तेच केलं.

पण आम्ही गेलो ऑगस्टमध्ये, आणि ती घोडचूक होती. ऑगस्टमध्ये निम्मं पॅरिस सुट्टीवर जातं. ज्या बेकरीच्या रंगवलेल्या काचांसाठी मी सकाळी सहाला उठून मेट्रोचे दोन बदल केले, तिच्या दारावर हाताने लिहिलेला कागद डकवलेला: 'काँजे आन्युएल', वार्षिक सुट्टी, खाली परत उघडण्याची तारीख आणि बाजूला एक छोटं बदाम. तो कागदच इतका देखणा होता की मी त्याचा फोटो काढला. असे अकरा कागद जमले आहेत.

शिवाय उजेड. शोकेसचा फोटो खुलतो तो संध्याकाळी, बाहेर अंधारत आलेलं असतं आणि आतले दिवे लागलेले असतात तेव्हा. पण ऑगस्टात तिथे सूर्य मावळतो नऊच्या सुमारास आणि दुकानं बंद होतात सातला. डिसेंबरात पाचलाच काळोख पडतो आणि दुकानं उघडी असतात. हे कळायला मला तीन खेपा लागल्या.

राहिलं भर दिवसाचं ऊन, आणि उन्हात काच म्हणजे आरसा. आतल्या वस्तूंपेक्षा समोरची इमारत, पार्क केलेल्या स्कूटर आणि मी स्वतः, हेच जास्त दिसतं. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावून बघितला. काचेला तिरकं उभं राहिलं की तो प्रतिबिंब बरंच कापतो, पण समोरून त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि मला तर सगळं समोरूनच हवं होतं. यावर उपाय म्हणजे मागे काहीतरी काळं धरायचं. काळं आमच्याकडे एकच होतं.

तर दृश्य असं. सँ-जर्मेनच्या मागची एक अरुंद गल्ली, हातमोज्यांचं दुकान, वर निळंशार आभाळ, आणि माझ्या डोक्यामागे मोठी काळी छत्री उघडून उभा असलेला माझा नवरा. जाणारे येणारे आधी छत्रीकडे बघत, मग वर आभाळाकडे, मग पुन्हा छत्रीकडे. एका आजोबांनी तर तळहात पुढे करून पाऊस चाचपला.

शोकेसच्या आत एक बाई नुसत्या मोज्यांनिशी गुडघ्यांवर बसून मांडणी करत होत्या. मी कॅमेरा उचलला तसं त्यांनी बोट हलवून थांबवलं. थांबलो. त्यांनी एक पिवळा हातमोजा उचलला, दुसऱ्यावर ठेवला, बोटं अशी वाकवली की एका हाताने दुसरा हात नुकताच सोडला आहे असं वाटावं. मागे सरकल्या, बघितलं, करंगळी किंचित उचलली. एका करंगळीपायी दहा मिनिटं! मग त्या बाहेर आल्या. मी घाईघाईत इंग्रजीत विचारलं, आता काढू का? त्या माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "बोंजूर, मादाम." आणि गप्प. मी ओशाळून बोंजूर म्हणेपर्यंत उत्तर नाही. त्या देशात बोंजूरशिवाय वाक्य सुरूच होत नाही हे मी दर वेळी विसरते आणि दर वेळी माझा कान असाच धरला जातो. खरं सांगायचं तर राग आला होता. मग त्यांनी हाताने 'काढा' अशी खूण केली. मी चार फोटो काढले, पाचव्याला त्यांनी शटर खाली ओढलं. जेवणाची वेळ.

मधले दोन दिवस पॅसाज झुफ्रुआ, गॅलरी व्हिव्हिएन अशा काचेच्या छपराखालच्या जुन्या बाजारगल्ल्यांमध्ये गेले. सुंदर, पण गर्दी.

पाँ देझार पुलावर जोडप्यांनी कठड्याला लावलेली प्रेमाची कुलुपं बघायची नवऱ्याची इच्छा होती. ती २०१५ मध्येच काढली. वजन इतकं झालं होतं की २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला. एकूण ४५ टन निघाली म्हणे. त्या जागी आता काचेचे कठडे आहेत, म्हणजे इथेही माझंच प्रतिबिंब. नवऱ्याला खरं प्रेम जडलं ते र्यू दे आलवरच्या, १८७२ पासूनच्या, उंदीर मारायच्या औषधांच्या दुकानावर. त्याच्या शोकेसमध्ये १९२५ च्या सुमाराला पकडलेले उंदीर पेंढा भरून ओळीने टांगले आहेत. तिथे त्याने न सांगता छत्री उघडली.

रात्री हॉटेलात मी फोनवर आत्झेचे फोटो बघत बसले. युजेन आत्झे, १८५७ ते १९२७, काचेच्या प्लेटा आणि अवजड कॅमेरा घेऊन हेच रस्ते तुडवणारा माणूस. त्याचा १९२५ चा आव्हेन्यू दे गोब्लँवरचा फोटो आहे: सूट घातलेले पुतळे, त्यांच्या अंगावर किमतीच्या चिठ्ठ्या, आणि या सगळ्यावर पसरलेली समोरची इमारत. प्रतिबिंब सगळीकडे. पुतळे रस्त्यातच उभे आहेत असं वाटतं. मी मात्र चार दिवस छत्री वागवत होते.

घरी आल्यावर हातमोज्यांचे चार फोटो मोठे करून बघितले. तीन हललेले. चौथ्यात पिवळी करंगळी नीट आली आहे. काचेत छत्रीची काळी कड, तिच्या खाली नवऱ्याचे कंटाळलेले बूट, आणि कोपऱ्यात ते आजोबा, हात पुढे केलेला, पाऊस शोधताहेत.