सुगरण विणते की विणतो?

पुस्तक काढायचं असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. आमच्या शाळेमागच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे आणि दर पावसाळ्यात तिला खोपे लटकतात. मी पहिली-दुसरीला शिकवते. वाचनाच्या तासाला मुलांचे डोळे खिडकीबाहेर. मग म्हटलं, तेच वाचायला देऊ या. आमच्या कपाटातल्या गोष्टीच्या पुस्तकांत जिराफ आहे, पेंग्विन आहे; विहिरीवरची सुगरण नाही.

एका रविवारी बसून चौदा वाक्यं लिहिली. त्यातलं पहिलंच चुकलेलं होतं: ‘सुगरण खोपा विणते.’ शंका यायचं कारणच नव्हतं. सुगरण म्हटलं की हाताला चव असलेली बाईच डोळ्यांपुढे येते, आणि खोप्याची कविता तर सगळ्यांनाच पाठ. पक्षी बघत हिंडणाऱ्या एका ओळखीच्यांना कागद दाखवला, तर ते हसले. खोपा नर विणतो. सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळ किहीमला या पक्ष्यांवर नजर ठेवून हे सगळं नोंदवलं होतं. एवढ्या वर्षांत ते माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं, याला काय म्हणायचं!

उसनी दुर्बीण घेऊन मी आठ-दहा संध्याकाळी विहिरीवर बसले. पिवळ्याधमक डोक्याचा नर गवताच्या पात्याला चोचीनं खाच पाडतो, पात्याचं टोक धरून उडतो आणि लांबलचक धागा सोलून आणतो. अशा शेकडो फेऱ्या. पूर्ण खोप्याला अठराएक दिवस लागतात. पण आठेक दिवसांत, खोपा उलट्या टोपीसारखा दिसायला लागला की तो थांबतो, फांदीला लटकून पंख फडफडवतो आणि ओरडून ओरडून मादीला बोलावतो. ती येते, आत-बाहेर करते, बघते. पसंत पडला तर तो खालच्या बाजूला दाराची नळी विणून खोपा पुरा करतो. नाही पडला तर तो खोपा तसाच लोंबत राहतो आणि पठ्ठ्या दुसरा घेतो विणायला. पसंत पडला तरी काही दिवसांनी तो दुसरा खोपा सुरू करतोच, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवायची ती हिनंच.

हे सहा वर्षांच्या पोरांना कसं सांगायचं? मी सरळ लिहिलं: ‘सुगरण अंडी उबवते. तो नवा खोपा विणतो.’ बस. यावर कुणा मुलाला काहीही वाटलं नाही. वाटलं ते मोठ्यांना. हस्तलिखित एका प्रकाशकांकडे पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं, शेवटी तात्पर्य हवं, ‘कष्टाचं फळ गोड’ असं काहीतरी. आता त्या बाभळीवर जवळजवळ निम्मे खोपे अर्धवट लोंबत होते. कष्ट सगळ्यांनीच केले होते. मी कागद परत मागवले.

खरी अडचण व्याकरणाची निघाली. ‘सुगरण विणतो’ असं फळ्यावर लिहिलं की पहिलीतली पोरं ओरडायची, “बाई, चुकलं!” ‘नर’ हा शब्द त्यांना रुक्ष वाटे. ‘सुगरणदादा’ मलाच नको झाला. शेवटी वर्गातच विचारलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, “पिवळ्या.” बैलांना ठेवतात तसं नाव. पिवळ्या विणतो, सुगरण बघते, प्रश्नच मिटला. जोडाक्षरं नकोत म्हणून मी ‘प्रवेशद्वार’चं ‘दार’ केलं होतं, ‘कौशल्य’ काढून टाकलं होतं, आणि नायकाच्या नावातच ‘ळ्या’ आला. राहू दिला. ज्यांनी ठेवलं त्यांना वाचता येत होतं.

काजव्यांचंही असंच झालं. सुगरण खोप्यात ओला चिखल लावते आणि त्यात काजवे चिकटवून दिवा करते, ही गोष्ट मी आजीकडून ऐकलेली. चिखलाचे गोळे आत असतात हे खरं, दिवा ही कल्पना. काढून टाकायला जीव होईना. मग ‘आजी म्हणते’ असं लिहून ती एका पानावर ठेवली आणि त्या पानाला निळसर रात्रीचा रंग दिला. बाकी सगळी पानं दिवसाची. पोरांना फरक कळतो.

चित्रं माझ्या एका माजी विद्यार्थिनीनं काढली. पहिल्या खेपेला खोप्याला बाजूनं गोल खिडकी आणि तिच्यातून डोकावणारी तीन पिल्लं! फार गोड चित्र होतं. पण खोप्याचं दार खाली, नळीच्या टोकाला. सुगरणीला तिनं पापण्याही काढल्या होत्या. एका शनिवारी तिला विहिरीवरच नेऊन बसवलं. नंतरची चित्रं सांगावी लागली नाहीत.

छपाईतलं मला काही कळत नव्हतं. माझी पानं झाली होती बावीस. छापखान्यातले काका म्हणाले, मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. दोन वाढवा नाहीतर दोन कमी करा. वाढवली. एकावर नुसती बाभूळ, शब्द नाही, आणि मुलं त्याच पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतात. प्रती थोड्या असतील तर डिजिटल, हजाराच्या पुढं ऑफसेट, हा ढोबळ हिशेब. मी तीनशे काढल्या, डिजिटल. पहिल्या नमुन्यात पिवळ्या मोहरीच्या फोडणीसारखा करपलेला आला. कागद बदलल्यावर उजळला. नमुना हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नका, एवढं मात्र सांगेन. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मला दोघांनी ‘करून देतो’ म्हणत पैसे सांगितले होते.

पुस्तक दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात वाटलं. चोवीस पानं, ठळक टाइप, चित्रं बिनचूक. बिनचूक असं मी, चित्रकार मुलगी आणि ते पक्षीवाले काका, तिघांनी ठरवलं होतं. शेवटच्या पानावर रिकामा खोपा, मागं हुरड्याला आलेली ज्वारी आणि ताटावर बसलेला पिवळ्या. दुसरीतला एक मुलगा, जो एरवी वाचायला उभा केला की पायानं जमीन उकरत राहतो, ते पान घेऊन टेबलाशी आला.

“बाई, हा पिवळा कसा?”

“पिवळ्याच आहे ना तो.”

“हुरड्याच्या दिवसांत नसतोय पिवळा. चिमणीगत होतोय. आमच्या रानात येत्यात की ज्वारी खायला.”

विणीचा हंगाम सरला की नराचा पिवळा रंग जातो, हे मी स्वतःच माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. चित्र पाहताना तिघांपैकी एकालाही आठवलं नाही. त्याच्या हातात तपकिरी खडू दिला. दोनशे अठ्ठ्याऐंशी प्रती अजून शिल्लक होत्या, तो पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत रंगवत बसला होता.