गच्चीवरचा गुरू आणि स्लॅबची ऊब

यंदा 10 जानेवारीला गुरूची प्रतियुती झाली, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आला. मिथुनेतील हा ग्रह त्या दिवसांत रात्री साधारण पाऊण वाजता पुण्याचे याम्योत्तर, म्हणजे डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा, ओलांडत होता आणि त्या क्षणी तो खस्वस्तिकापासून चार अंशांहूनही कमी अंतरावर होता, म्हणजे अक्षरशः डोक्यावर. ग्रहांची छायाचित्रे घेणाऱ्याला याहून अनुकूल स्थिती मागता येत नाही, कारण ग्रह जितका उंच, तितका त्याचा प्रकाश कमी हवेतून येतो. 2018 साली शनी धनू राशीत असताना लंडनहून तो क्षितिजापासून जेमतेम 16 अंश वर येत होता, तर पुण्यातून तो 49 अंशांवर दिसत होता. आपल्या अक्षांशाचे हे देणे मोठे आहे. तरीही सहकारनगरातील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून गुरूचे एक मनासारखे छायाचित्र मिळवायला मला या जानेवारीत अकरा रात्री लागल्या.

माझी दुर्बीण 200 मिलीमीटर व्यासाच्या आरशाची, 1200 मिलीमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची), हाताने वर-खाली आणि आडव्या फिरवायच्या साध्या डॉब्सन बैठकीवरची आहे. तिला मोटर नाही. एवढ्या आरशाला सिद्धांतानुसार सुमारे 0.58 विकला इतका बारकावा वेगळा दाखवता येतो. एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. प्रतियुतीच्या काळात गुरूची तबकडी 45 विकलांच्या आसपास असते. कॅमेऱ्याच्या लहानशा संवेदकावर (सेन्सरवर) ती पुरेशी मोठी पडावी म्हणून मी प्रतिमा अडीचपट मोठी करणारे बार्लो भिंग लावतो आणि नाभीय अंतर 3000 मिलीमीटरपर्यंत नेतो. मग अडचण अशी होते की पृथ्वीच्या परिवलनामुळे गुरू संवेदकाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सुमारे 25 सेकंदांत निघून जातो. संवेदकाची लांब बाजू ग्रहाच्या सरकण्याच्या दिशेशी समांतर ठेवायची, ग्रह आत शिरण्याआधी दुर्बीण किंचित पुढे न्यायची, हात पूर्णपणे काढून घ्यायचा, कंप थांबू द्यायचा आणि चित्रफीत सुरू करायची, हा क्रम अंगवळणी पडायला मला एक संपूर्ण हिवाळा लागला. ग्रह नेमका डोक्यावर असताना तर डॉब्सन बैठक आडवी फिरवून काहीच साधत नाही, त्यामुळे याम्योत्तरानंतर दोन तास थांबून, गुरू पश्चिमेला 60 अंशांच्या आसपास उतरल्यावरच मी काम सुरू करतो. पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारी विषुववृत्तीय बैठक घेतली तर हा त्रास वाचेल, हे खरे आहे. पण ती जुळवायला ध्रुवतारा दिसावा लागतो आणि पुण्यात तो साडेअठरा अंशांवरच असतो. आमच्या उत्तरेला सात मजली इमारत उभी आहे.

यंत्रांविषयी एवढे पुरे, कारण माझ्या अनुभवात निर्णायक प्रश्न यंत्राचा नसून हवेचा आहे, आणि हवेतही आधी आपल्या पायांखालच्या हवेचा आहे. शहरातून आकाशनिरीक्षण म्हटले की सगळे दिव्यांच्या उजेडाबद्दल बोलतात. तेजोमेघ आणि दीर्घिका टिपणाऱ्यांना तो उजेड छळतो, यात शंका नाही. ग्रह मात्र इतके तेजस्वी असतात की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचे फारसे बिघडत नाही. त्यांचे नुकसान होते ते उष्णतेमुळे. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब सूर्यास्तानंतर कित्येक तास ऊब सोडत राहतो, त्या उबेने वर चढणारी हवा शेजारच्या थंड हवेत मिसळते आणि त्या सरमिसळीतून येणारा प्रकाश प्रत्येक क्षणी वेगवेगळा वळतो. ऑक्टोबरमध्ये रात्री दहा वाजता आमच्या गच्चीवर अनवाणी उभे राहिले तर तळव्यांना ऊब जाणवते. त्या वेळी दुर्बिणीतून गुरू वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखा हलताना दिसतो.

ही ऊब प्रत्यक्ष पाहता येते, आणि प्रत्येक नवशिक्याने ती एकदा तरी पाहावी असे मला मनापासून वाटते. एखादा तेजस्वी तारा मुद्दाम फोकसबाहेर नेला की त्याची प्रकाशमान चकती दिसते. त्या चकतीत आरशावरून उठणारी गरम हवा मंद ज्योतीसारखी वर सरकताना दिसते आणि नळीच्या तोंडासमोर आपला हात धरला तर हाताची ऊबसुद्धा दिसते. हे पाहिल्यापासून मी दुर्बीण रात्री दहालाच उघड्यावर आणून ठेवतो, आरशामागे छोटा पंखा लावतो, खाली काथ्याच्या जाड चटया अंथरतो आणि शेजारच्या इमारतीवरील एसीच्या यंत्रांच्या वरून जाणारी दृष्टिरेषा टाळतो. आरशांची जुळणीही, जिला आमच्यात कॉलिमेशन म्हणतात, मी आरसा थंड झाल्यावरच पुन्हा तपासतो. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या बादल्या ओतूनही पाहिल्या. त्याने स्लॅब निवला, पण पहाटेपर्यंत नळीच्या तोंडाजवळच्या लहान, दुय्यम आरशावर दव जमले, म्हणून तो प्रयोग मी सोडून दिला.

आपल्याकडचा आणखी एक अडसर म्हणजे पावसाळा, आणि त्याच्यापुढे कोणताही उपाय चालत नाही. 27 जुलै 2018 रोजी मंगळाची प्रतियुती झाली, तेव्हा तो 24 विकलांहून मोठा झाला होता आणि चारच दिवसांनी पृथ्वीपासून 5.76 कोटी किलोमीटरवर आला. पुण्यावर ढग होते, आणि खुद्द मंगळावर त्या वर्षी ग्रहव्यापी धुळीचे वादळ उठले होते. तो उन्हाळा मी तयारीत घालवला होता आणि त्याची रुखरुख आजही आहे. मंगळाची तशीच जवळची प्रतियुती आता सप्टेंबर 2035 मध्ये आहे, म्हणजे पुन्हा पावसाच्या दिवसांत. शनी मात्र दरवर्षी जवळजवळ दोन आठवडे पुढे सरकतो आणि यंदा त्याची प्रतियुती 4 ऑक्टोबरला येते, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी तो पावसाच्या तावडीतून सुटण्याची आशा आहे.

हवा स्थिर असली तरी एकच छायाचित्र घेऊन भागत नाही. सेकंदाला सुमारे 100 चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रफीत घ्यायची, त्यातून ऑटोस्टॅकर्टसारख्या संगणक प्रणालीने सर्वांत स्पष्ट चौकटी निवडायच्या आणि त्या एकावर एक रचायच्या, ही आजची रूढ पद्धत आहे. हजार चौकटी रचल्या की चित्रातील रवाळपणा सुमारे 32 पटींनी कमी होतो. पण येथेही गुरू मुदत घालून देतो. तो 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याच्या तबकडीच्या मध्यभागचे तपशील मिनिटाला जवळजवळ पाव विकला सरकतात. अडीच मिनिटांत हे सरकणे माझ्या आरशाच्या मर्यादेएवढे होते, आणि तेवढ्या वेळात हाताने दुर्बीण हलवत माझ्या चारच फेऱ्या होतात.

त्यानंतर संगणकावर चित्राला धार देण्याचे काम येते, आणि या कामाबद्दल मी अलीकडे फार सावध झालो आहे. धार वाढवत नेली की ग्रहाच्या कडेला खोटी रेघ उमटते, पट्ट्यांमध्ये नसलेले दाणे दिसू लागतात आणि शनीच्या कड्यात 200 मिलीमीटरच्या आरशाला न दिसणारी फटसुद्धा दिसल्यासारखी वाटते. अशी चित्रे पाहणाऱ्याला सुंदर वाटतात, पण ती ग्रहाची नसतात. 19 जुलै 2009 रोजी ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. कोणती तरी वस्तू गुरूवर आदळल्याचा तो पुरावा होता आणि नंतर मोठ्या वेधशाळांनी त्याला दुजोरा दिला. स्वतःच्या चित्रांतील खऱ्या आणि खोट्या खुणांमधला फरक जो ओळखत नाही, त्याला असा डाग दिसूनही त्यावर बोट ठेवता आले नसते. म्हणून मी आता प्रत्येक वेळी चित्रफितींचे दोन गट करतो, दोन्ही गटांवर स्वतंत्रपणे तीच प्रक्रिया करतो आणि जी खूण दोन्ही चित्रांत उमटते तेवढीच खरी धरतो.

अकरावी रात्र जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. वारा पूर्ण पडला होता, तळजाई टेकडीच्या बाजूला धुरकट थर बसला होता आणि दिव्यांभोवती वलये दिसत होती. असे आकाश पाहून पूर्वी मी दुर्बीण आत नेली असती, पण धुरकट रात्रींत हवा पुष्कळदा स्थिर असते. सोसायटीचे सचिव काका गच्चीची किल्ली माझ्याकडेच ठेवू देतात, त्यामुळे पहाटे पावणेतीनला कोणालाही न उठवता वर जाता आले. पडद्यावर गुरू दोन-तीन सेकंद एकदम शांत होई, पट्ट्यांच्या कडा उघडत, पुन्हा थोडा विरघळे आणि पुन्हा शांत होई. त्या चार फेऱ्यांतून मी दोन चित्रे तयार केली. दक्षिणेकडच्या पट्ट्यांपलीकडे, एरवी मला नुसता करडा भाग दिसतो तेथे, ओळीने तीन बारीक पांढरे ठिपके आहेत. पहिल्या चित्रात ते तीन आहेत आणि दुसऱ्यातही तीनच आहेत, त्याच जागी.