क्लाइड हाऊसची येवलेकर

माझ्या शाळेबद्दलचं हे मनोगत मी मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन माझी फी भरली त्या आईबाबांनी ते सगळ्यांत आधी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आमची शाळा म्हणजे स्कॉटलंडमधलं हायस्कूल ऑफ ग्लासगो. ग्लासगो कॅथीड्रलची गायनशाळा म्हणून 1124 साली ती सुरू झाली. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा या शाळेला दीडशेहून जास्त वर्षं झाली होती! पण ॲनीसलँडला क्रो रोडवर आमची मुख्य इमारत बघायला कुणी आलं की हमखास हिरमुसतं. ना जुने दगडी बुरूज, ना वेलींनी झाकलेल्या भिंती. इमारत 1977 ची.

त्यामागची हकीकत मला फार मोलाची वाटते. शंभरेक वर्षं ही शाळा शहराच्या ताब्यात होती. निवडक मुलांना प्रवेश देणाऱ्या शाळा चालवायच्या नाहीत असं धोरण ठरलं आणि 1976 मध्ये एल्मबँक स्ट्रीटवरच्या जुन्या शाळेला कुलूप लागलं. तिच्या दर्शनी भागावर होमर, सिसेरो, गॅलिलिओ आणि जेम्स वॉट यांचे पुतळे आहेत. माजी विद्यार्थ्यांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी वर्गणी काढली, ग्लासगोजवळच्या बेअर्सडेनच्या ड्रूस्टेंटन शाळेला सोबत घेतलं आणि त्याच वर्षी खाजगी शाळा म्हणून हायस्कूल पुन्हा सुरू केलं. आता मुलीही आल्या. नवी इमारत उभी राहिली ती पहिल्या महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ घेतलेल्या मैदानाशेजारी. मी शिकले ती शाळा अशी लोकांनी हट्टाने जगवलेली आहे.

गणवेश चॉकलेटी आणि सोनेरी. हाऊस, म्हणजे मुलांचे गट, चार: बॅनरमन, क्लाइड, लॉ आणि मूर. चौघेही याच शाळेचे विद्यार्थी. कँपबेल-बॅनरमन आणि बोनार लॉ ब्रिटनचे पंतप्रधान झाले, सर जॉन मूर आणि लॉर्ड क्लाइड सेनापती. माझं हाऊस क्लाइड. पहिली काही वर्षं मला वाटायचं, हे नाव आमच्या ग्लासगोच्या क्लाइड नदीवरून पडलंय.

मग एका उन्हाळ्यात येवल्याहून आजोबा आले. जॉर्ज स्क्वेअरमधला लॉर्ड क्लाइडचा पुतळा मी त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवायला नेला. चष्मा पुसून त्यांनी चौथऱ्यावरची अक्षरं वाचली, मग म्हणाले, "अगं, हा तर कॉलिन कँपबेल. कानपूरला आपल्या तात्यांच्या फौजेला यानेच हरवलं." तात्या टोपे मूळचे येवल्याचे. आमच्या घरी त्यांचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखंच घेतलं जातं. मी गप्प झाले. त्या वर्षी हाऊसच्या सामन्यांत 'क्लाइड, क्लाइड' असं ओरडायला माझी जीभच वळेना.

इतिहासाच्या मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी समजूत घालायच्या भानगडीत न पडता दुसऱ्या दिवशी कानपूरचा जुना लष्करी नकाशा आणून बाकावर पसरला. गंगा, होड्यांचा पूल, कालवा, काल्पीकडे जाणारा रस्ता. तुझ्या आजोबांना काय माहीत आहे ते इथे दाखव, म्हणाल्या. रात्री आजोबांना विचारून मी टिपणं काढली. नोव्हेंबर 1857 च्या अखेरीस, कँपबेल लखनौमध्ये गुंतलेला असताना, तात्यांनी इंग्रजांच्या जनरल विंडहॅमला कानपूर शहरातून मागे रेटलं आणि गंगाकाठच्या मोर्चेबंदीत कोंडलं. कँपबेल धावत परतला. लखनौहून आणलेली बायकामुलं आणि जखमी त्याने आधी अलाहाबादकडे रवाना केले आणि मग 6 डिसेंबरला हल्ला चढवला. तात्यांसोबतची ग्वाल्हेरची पलटण काल्पीच्या रस्त्याने हटली.

आजोबा विंडहॅमची दाणादाण रंगवून सांगायचे, पुस्तकांत 6 डिसेंबर ठळक असायचा. मी वर्गात दोन्ही सांगितलं, नकाशावर बोट ठेवून. कॉलिन कँपबेल हा ग्लासगोच्या एका सुताराचा मुलगा, हे मला तेव्हा मॅडमकडून कळलं. तात्यांना 1859 च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला फाशी दिलं, हे त्यांच्या वर्गाला माझ्याकडून कळलं. तास संपल्यावरही मुलं नकाशाभोवती उभी होती, विंडहॅमचं काय चुकलं यावर वाद घालत.

लॅटिन, हॉकी, कॅथीड्रलमधली वार्षिक प्रार्थना, हायर्सच्या, म्हणजे स्कॉटलंडमधल्या शेवटच्या शालेय वर्षांतल्या, परीक्षेची धास्ती, यांबद्दल इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. माझ्यासाठी ही शाळा म्हणजे तो बाकावरचा नकाशा. पुढे मी इतिहासच घेतला, तो त्या तासामुळे.

शाळेला आता नऊशे वर्षं झाली. या निमित्ताने माझी एक मनापासूनची विनंती आहे: क्लाइडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला कानपूरची गोष्ट विंडहॅमच्या माघारीपासून सांगावी. तात्यांचं नाव त्यात असावं. नकाशे मी देईन, आणि कुणी बोलावलं तर सांगायलाही येईन.