आज शेवटची फुंकणी

वर्षभर आमच्या न्यू जर्सीच्या घराचं घड्याळ त्या नेब्युलायझरवर चाललं. दिवसातून चार वेळा. सुरुवातीला तीन श्वास, मग चढत चढत बारा. ह्यांना आयपीएफ आहे. फुप्फुसात व्रण पडत जातात, ती कडक होतात. का, ते सांगता येत नाही. २०१४ मध्ये इथे मंजूर झालेली दोन औषधं वेग कमी करतात, पडलेला व्रण पुसत नाहीत. नेब्युलायझरमधलं हे ट्रेप्रोस्टिनिल औषध मुळात फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबाचं. फुप्फुसांच्या आजारामुळे तसा रक्तदाब वाढलेले रुग्ण तपासताना श्वासाची क्षमताही सुधारलेली दिसली, म्हणून आयपीएफसाठी ही ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी.

आज ५२ आठवडे संपले. जोरात फुंकून श्वास मोजायची शेवटची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि टेक्निशियन मुलगी ओरडतेय, "पुश, पुश, पुश!" ह्यांचा चेहरा लालबुंद. मग उबळ.

गाडीत म्हणाले, "नुसतंच प्लासिबो ओढलं असेल तर?" प्लासिबो म्हणजे औषध नसलेला नुसता फवारा. काहींना तो, काहींना खरं औषध; डॉक्टरांनाही माहीत नाही कुणाला काय मिळालं.

म्हटलं, "मग एवढं खोकलात ते फुकटच की हो!"

हसले. परत खोकले.

संध्याकाळी सवयीनं मशीन लावायला उठले. टेबल रिकामं. सकाळीच परत देऊन आलो होतो ना.