लहान महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करताना

भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करायची तर पुण्या-मुंबईला जावे, असे मला बारावीनंतर अनेकांनी सांगितले होते. घरची परिस्थिती पाहता मी सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातच प्रवेश घेतला. पहिल्या दोन वर्षांत रसायनशास्त्र आणि गणित सोबत असल्यामुळे वर्ग भरलेला असे. तिसऱ्या वर्षी मात्र, औषध कंपन्यांत नोकरी मिळण्याची आशा अधिक असल्याने, बहुतेकांनी रसायनशास्त्र निवडले आणि भौतिकशास्त्राला आम्ही मोजकेच विद्यार्थी उरलो.

याचा सर्वांत मोठा लाभ प्रयोगशाळेत झाला. शहरात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एका उपकरणाभोवती गटाने उभे राहून रीडिंग घ्यावे लागे. मला डार्करूममधला स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजणारे उपकरण) दुपारभर एकटीला मिळे. डिफ्रॅक्शन ग्रेटिंगच्या, म्हणजे अगदी जवळजवळ समांतर रेषा आखलेल्या काचपट्टीच्या, प्रयोगात सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आसपास आली की जर्नलवर सही होते. पण ५८९३ ही सरासरी आहे; प्रत्यक्षात तेथे ५८९० आणि ५८९६ अशा दोन रेषा असतात. इंचाला १५,००० रेषा असलेल्या ग्रेटिंगमधून पहिल्या ऑर्डरमध्ये, म्हणजे मधल्या सरळ प्रकाशाच्या बाजूला दिसणाऱ्या पहिल्या वर्णपटात, त्या दोहोंत जेमतेम सव्वा मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन पडतो, तर दुसऱ्या ऑर्डरमध्ये तो साडेतीन मिनिटांच्या जवळ जातो. आमच्या सरांनी मला सही देण्याआधी दुसऱ्या ऑर्डरकडे दुर्बीण वळवायला आणि स्लिट अगदी अरुंद करायला सांगितले. प्रकाश मंद झाला, पण एका रेषेच्या जागी दोन रेषा स्वच्छ दिसल्या. पुस्तकात वाचलेली गोष्ट स्वतः लावलेल्या उपकरणात दिसण्याचा तो आनंद मला आजही पुरतो.

त्या दोन रेषा का, याचे उत्तर मात्र आमच्या तासांना पूर्ण मिळत नव्हते. इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांच्यातील परस्परक्रियेमुळे सोडियमची ३पी ही ऊर्जा पातळी दुभंगते, एवढे विधान झाले. ते गणिताने सिद्ध करण्यासाठी लागणारी कोनीय संवेगाची बेरीज आणि पर्टर्बेशन सिद्धांत (लहानशा बदलाचा परिणाम टप्प्याटप्प्याने काढण्याची पद्धत) अभ्यासक्रमात वरवरच होते. शिवाय विभागात शिक्षक कमी, आणि एकाच सरांकडे क्वांटम मेकॅनिक्सपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंतचे विषय होते. हा भाग मी एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन उपक्रमातील व्याख्याने पाहून, वहीत प्रत्येक पायरी पुन्हा मांडून पूर्ण केला. अडलेली पायरी घेऊन मी सरांकडे जात असे आणि मोकळा तास असेल तर ते फळ्यावर ती माझ्याबरोबर सोडवत. लहान विभागात शिक्षकांचा असा वेळ मिळतो, ही गोष्ट प्रवेश घेताना कोणी विचारात घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

आयआयटी जॅमची, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेची, तयारी ही वेगळीच बाब होती. विद्यापीठाच्या परीक्षेत सिद्धता पाठ असली तरी निभावते. जॅममध्ये तीन तासांत ६० प्रश्न असतात आणि त्यांतल्या एका विभागात पर्यायच नसतात, थेट संख्या काढून भरावी लागते. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे एवढाच मार्ग मला उपयोगी पडला. भौतिकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते की रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणे (डिफरन्शियल इक्वेशन्स) दुसऱ्या वर्षीच पक्की करावीत, कारण तिसऱ्या वर्षी ती शिकायला उसंत मिळत नाही.

पुढे एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मोठ्या महाविद्यालयांतून आलेले सहाध्यायी लॅग्रांजियन पद्धतीत (बलांऐवजी ऊर्जेवरून गतीची समीकरणे मांडण्याची पद्धत) माझ्या बरेच पुढे होते, आणि पहिले सत्र मला ते अंतर कापण्यातच घालवावे लागले. झीमन परिणामाच्या (चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा दुभंगण्याच्या) प्रयोगात फॅब्री-पेरो एटालॉन, म्हणजे अगदी जवळच्या रेषा वेगळ्या दाखवणारे उपकरण, जुळवण्याची वेळ आली, तेव्हा मात्र आमच्या गटाने ते काम माझ्याकडे सोपवले.